बेघर तरुण : छप्पर, पत्ता आणि आपण



स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्यासमोर एकच विषय उभा राहिला. मी बँकेत लिपिक आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. कायद्याचा किंवा समाजकार्याचा जाणकार नव्हे. तरीही बेघर तरुण मुलामुलींच्या प्रश्नावर लिहावेसे वाटले, त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक होय.

काही वर्षांपूर्वी मी रेल्वे स्थानकाजवळच्या एका शाखेत काउंटरवर होतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आला. लग्नसराईत तो केटरर्सकडे वाढप्याचे काम करीत असे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार हजार तीनशे रुपये त्याने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "साहेब, खातं काढायचंय." मी कागदपत्रे विचारली. नव्हती. "बरं, घरचं लाईटबिल तरी आण," मी म्हणालो. तो हसला. "लाईट स्टेशनची आहे साहेब, बिल त्यांनाच येत असेल." माझ्या शेजारचे दोघे सहकारीही हसले. मुलाने पिशवी उचलली आणि तो गेला.

पुढे स्थानकावरच्या बूटपॉलिशवाल्याकडून कळले की, ते पैसे त्याने एका चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवले होते. टपरी उचलली गेली आणि टपरीवाला गावाकडे निघून गेला. पैसेही गेले. त्याहून मनाला लागले ते वेगळेच. त्या मुलाचे खाते उघडता येईल असा नियम त्या दिवशीही अस्तित्वात होता. तो आमच्या शाखेच्या परिपत्रकांच्या फाईलमध्ये होता. मी वाचला नव्हता, इतकेच. त्या नियमाकडे पुढे येतो. आधी प्रश्नाचे स्वरूप पाहू.

बेघर कोणाला म्हणावे?

जनगणनेच्या भाषेत जो माणूस घर म्हणून नोंदलेल्या वास्तूत राहत नाही, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाईपमध्ये, देवळाच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर झोपतो, तो बेघर. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत करण्यात आली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली. महाराष्ट्रात हा आकडा दोन लाखांवर होता आणि बृहन्मुंबईत ५७ हजारांवर. एका रात्रीत, बॅटरीच्या उजेडात केलेली ही मोजणी. त्या रात्री जो केटरर्सच्या टेम्पोत झोपला असेल किंवा पोलिसांनी हाकलल्यामुळे चालत राहिला असेल, तो या आकड्यात आला नसणार हे उघड आहे.

मुलांपुरते बोलायचे तर, टाटा समाजविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड यांनी मुंबईत केलेली रस्त्यावरच्या मुलांची मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत ३७,०५९ मुले आढळली. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले आपल्या कुटुंबासोबतच रस्त्यावर राहत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रस्त्यावरचे मूल म्हटले की आपल्यासमोर घरातून पळालेला मुलगा येतो. प्रत्यक्षात अनेकांचे आईबाप शेजारीच झोपलेले असतात; घर मात्र नसते.

पळून आलेल्यांची कारणे आपल्याला माहीत आहेत. सावत्र बापाची मारहाण, घरातली दारू, नापास झाल्याची भीती, दुष्काळात मोडलेली शेती, मुंबईचे आकर्षण. त्यात एक कारण आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. जातीबाहेर लग्न केले म्हणून घराबाहेर काढलेली जोडपी हीदेखील बेघर तरुणांतच मोडतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात निकाल देताना, अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात सुरक्षित निवास असावा असे म्हटले आहे. घरातून हाकललेल्या तृतीयपंथी तरुणांसाठी केंद्र सरकारने २०२० सालापासून 'गरिमा गृह' नावाची निवारागृहे सुरू केली. या दोन्ही सोयींची माहिती ज्यांना हवी, त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

अठराव्या वाढदिवसाचे संकट

लहान मुलांच्या बाबतीत आपल्याकडे कायदा पुष्कळ जुना आहे. मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा १९२४ साली झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे बालगृह मुंबईकरांना ठाऊक आहेच. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षी सज्ञान धरला जाई आणि मुलगी अठराव्या. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा दिली. सध्या लागू असलेला कायदा २०१५ चा होय. घर नसलेले किंवा राहण्याचे निश्चित ठिकाण नसलेले मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते आणि त्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस, सामाजिक कार्यकर्ता किंवा जागरूक नागरिक, कोणीही हे करू शकतो. मूल स्वतःही समितीकडे जाऊ शकते.

१०९८ या क्रमांकाची चाईल्डलाईन १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. २०२३ पासून तिचा कारभार शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे आला असून ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. रेल्वे सुरक्षा दलाचे 'नन्हे फरिश्ते' अभियान २०१८ पासून चालू आहे. सलाम बालक ट्रस्टसारख्या संस्था १९८८ पासून या कामात आहेत. तेव्हा दहा वर्षांचा मुलगा दादर किंवा कल्याणला गाडीतून एकटा उतरला, तर त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष जाण्याची शक्यता आज पूर्वीपेक्षा बरीच अधिक आहे.

हाच मुलगा अठरा वर्षे पूर्ण करतो, त्या दिवशी काय होते? बालगृहाचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. चाईल्डलाईन त्याची नव्हे. बालकल्याण समितीचा अधिकार संपतो. आपली स्वतःची मुले अठराव्या वर्षी बारावीची परीक्षा देत असतात आणि सकाळचा डबा आईच भरून देते. या मुलाकडून मात्र आपण एका रात्रीत भाडे, नोकरी, कागदपत्रे आणि शहाणपण या सर्वांची अपेक्षा करतो.

कायदा करणाऱ्यांना हे सुचले नाही असे नाही. २०१५ च्या कायद्याच्या कलम ४६ मध्ये, अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजाच्या प्रवाहात सामील होण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल, अशी तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी ही अनुरक्षण सेवा एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत नेली. आपल्या राज्यात अनुरक्षण गृहे आहेत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत.

येथे दोन गोष्टी बारकाईने वाचाव्यात. पहिली, कलमात 'देता येईल' असे आहे, 'दिलेच पाहिजे' असे नाही. बँकेत काम करणाऱ्याला या दोन शब्दप्रयोगांतला फरक चांगला कळतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही सोय संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आहे. जो मुलगा संस्थेत कधी गेलाच नाही, दोनदा नेला आणि दोन्ही वेळा पळाला, किंवा सतराव्या वर्षी घर सोडून आला, तो या तरतुदीत कोठेच बसत नाही. माझ्यापुढे पिशवी ठेवणारा मुलगा याच वर्गातला होता. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले, तो निर्णय निःसंशय चांगला आहे. पण त्यासाठी अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्याचा बाप जिवंत आहे आणि मारतो, तो अनाथ नव्हे.

निवारे कसे आहेत, कसे असावेत

अठरा ओलांडलेल्याला उरतो तो प्रौढांचा शहरी निवारा. अन्न हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेघरांच्या निवाऱ्याबाबत आदेश दिले. पुढे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक कायम निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडा दरवाजा, असे प्रमाण घालून देण्यात आले. २०११ ची मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख धरली, तर एकट्या या शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर या संख्येच्या जवळपासही पोहोचलेले नाही.

'चोवीस तास' या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो. निवारा म्हणजे रात्री नऊला आत आणि सकाळी सहाला बाहेर, अशी पुष्कळांची समजूत आहे. वाढप्याचे काम करणारा मुलगा रात्री दोनला मोकळा होतो. भाजी मार्केटमधला हमाल पहाटे तीनला कामावर जातो आणि दुपारी झोपतो. सुरक्षारक्षकाची पाळी रात्रभर असते. ज्यांना काम मिळाले आहे त्यांनाच निवाऱ्याची वेळ जमत नाही, आणि मग वेळ जमवायची तर काम सोडावे लागते. निवारा काम मिळते त्या ठिकाणाजवळ हवा, हेही सूचनांत आहे. शहराच्या टोकाला, जिथे जमीन रिकामी आहे तिथे बांधलेला निवारा रिकामाच राहतो आणि मग 'या लोकांना रस्त्यावरच राहायचे असते' असा शेरा ऐकू येतो.

त्या सूचनांत पुरुष, स्त्रिया, कुटुंबे आणि वृद्ध-आजारी यांसारख्यांसाठी विशेष निवारे अशी वर्गवारी आहे. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांचा वेगळा वर्ग नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या एका बाजूला दारू सुटत नसलेला पन्नाशीचा गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला खोकणारे आजोबा. यात कोणाचाच दोष नाही. पण त्या मुलाला रात्रशाळेचा अभ्यास करायचा असेल तर तो पुन्हा फलाटावरच्या दिव्याखाली येतो. मोठी इमारत नको, एका खोलीत आठ-दहा जण, प्रत्येकाला कुलूप लावता येईल अशी एक पेटी आणि त्यांच्याशी बोलणारा एक माणूस एवढे असले तरी पुरते. पेटीचे महत्त्व आपल्याला चटकन कळत नाही. ज्याच्याजवळ कुलूप नाही, त्याच्याजवळ कागद टिकत नाही; पावसाळा आला की दाखला भिजतो, झोपेत पिशवी चोरीला जाते.

मुलींच्या बाबतीत तर रस्त्यावरची एक रात्रही फार झाली. मुलगी एकटी दिसली की निवाऱ्याच्या आधी दलाल पोहोचतो. म्हणून त्यांच्यासाठीचा निवारा स्थानकातच किंवा स्थानकाला लागून असावा, एवढेच म्हणतो.

व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांना बहुतेक निवारे आत घेत नाहीत. आधी नशा सोड, मग ये, हा नियम कागदावर ठीक दिसतो. भूक आणि थंडी मारण्यासाठीच जो हुंगतो, त्याने उघड्यावर राहून ते आधी सोडायचे कसे, हे मला उमगलेले नाही.

आणि या सर्वांवर भिक्षा प्रतिबंधक कायद्याची छाया आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात, उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूसही भिकारी ठरू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरत्या या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तो निकाल महाराष्ट्राला लागू नाही. पोलिसाचा हात खांद्यावर पडेल या भीतीने मदत मागायलाही तरुण पुढे येत नाहीत.

पत्ता नसलेल्याचे कागद

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. विद्यार्थी मित्रांनी हा भाग नीट वाचावा, कारण यात त्यांना प्रत्यक्ष काही करता येईल.

बँकेच्या खात्यासाठी साधारणतः आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र असे अधिकृत दस्तऐवज लागतात. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी 'छोटे खाते' असते. अर्जदाराने बँकेच्या अधिकाऱ्यासमक्ष स्वतःच्या फोटोवर सही किंवा अंगठा करायचा आणि अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करायचे. लाईटबिल लागत नाही. मर्यादा अशा की, वर्षात एक लाखापेक्षा अधिक जमा नको, शिल्लक पन्नास हजारांच्या वर नको आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा अधिक काढता येत नाही. हे खाते बारा महिने चालते. त्या अवधीत अधिकृत दस्तऐवजासाठी अर्ज केल्याचे दाखविले तर आणखी बारा महिने मिळतात. चार हजार तीनशे रुपयांच्या मालकाला एवढ्या मर्यादा पुष्कळ झाल्या. हा तो नियम, जो मी वाचला नव्हता. काउंटरवर कोणी 'असे खाते नसते' म्हणाले, तर न भांडता शाखाधिकाऱ्यांकडे जावे आणि 'छोटे खाते' हेच शब्द वापरावेत. आमचे बांधव मुद्दाम नाही म्हणत नाहीत. सवयीने म्हणतात.

त्या वर्षभरात दस्तऐवज मिळवायचा कसा? पुष्कळांना ठाऊक नाही की, अठरा पूर्ण झालेल्या बेघराला मतदार यादीत नाव नोंदविता येते आणि वास्तव्याचा कागदोपत्री पुरावा त्याला सक्तीचा नाही. नमुना ६ भरून, आपण जिथे झोपतो ती जागा त्यात लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन तो खरोखर तिथेच झोपतो का ते पाहतो. निवडणूक आयोगाच्याच सूचना आहेत या. पुलाखालची जागा हा पत्ता होऊ शकतो, असे आपल्या लोकशाहीने मान्य केले आहे, आणि मला वाटते हे फार मोठे आहे. वयाच्या पुराव्यासाठी गावच्या शाळेचा दाखला मिळवावा लागतो. मुलगा गावी परत जायला तयार नसतो. तेव्हा मुख्याध्यापकांना पत्र लिहिणे, फोन करणे, हे काम आपण करावयाचे असते. मतदार ओळखपत्र हाती आले की छोटे खाते पूर्ण खात्यात बदलता येते. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाच्या प्रमाणपत्रावर आधारची नोंदणीही होऊ शकते.

हे सर्व वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक कार्यालयात दोन-तीन खेपा होतात आणि रोजंदारीवरच्या मुलाची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. पहिल्या खिडकीवर अपमान झाला की तो दुसऱ्या खिडकीवर जात नाही. सोबत शर्ट-पँट घातलेला एखादा माणूस किंवा कॉलेजातली मुलगी असली, की हीच खिडकी वेगळी बोलते. असे असू नये, पण आहे.

आपल्या संस्थेपुरते

वसतिगृहाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे असे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा जुलै १९२४ मध्ये स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभीच सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले गेले. राहायला जागा नसेल तर शिक्षण नाही, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. आज शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याच नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. गावाहून आलेला, मित्राच्या खोलीवर चोरून राहणारा, वाचनालयात तोंड धुणारा विद्यार्थी आपल्या वस्तीतही असतो. तो स्वतःला बेघर म्हणत नाही आणि आपणही म्हणत नाही. मात्र मित्राचा घरमालक येईपर्यंतचेच ते घर असते. अशा विद्यार्थ्याने लाज न बाळगता संस्थेकडे यावे. योजनेचा अर्ज भरायला आपल्याकडे जाणकार सभासद आहेत.

दुसरी अडचण अनामत रकमेची. तिघे-चौघे तरुण मिळून खोलीचे महिन्याचे भाडे कमावू शकतात, हे मी खात्यांवरून पाहिलेले आहे. अडते ते डिपॉझिटपाशी आणि 'ओळखीचा माणूस कोण?' या घरमालकाच्या प्रश्नापाशी. समजा एका खोलीचे डिपॉझिट वीस हजार आहे. संस्थेने ती रक्कम स्वतःच्या नावे घरमालकाकडे ठेवली, अकरा महिन्यांच्या करारात तसे लिहून घेतले आणि मुलांनी दरमहा प्रत्येकी पाचशे रुपये आपापल्या खात्यात टाकले, तर चौघांचे अकरा महिन्यांत बावीस हजार होतात. मग डिपॉझिट मुलांचे आणि संस्थेची रक्कम पुढच्या चौघांसाठी मोकळी. एखाद्याने भाडे बुडविले तर काय, असा प्रश्न कार्यकारिणीत निघेल, आणि तो निघालाच पाहिजे. माझे उत्तर असे की, बुडीत कर्जे आम्ही रोज पाहतो. ती मोठ्या रकमांची असतात आणि कर्जदारांचे पत्ते पक्के असतात.

तूर्त दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात बसतो. नमुना ६ च्या प्रती आणि छोट्या खात्यासाठी काय लागते त्याचा कागद माझ्याजवळ असतो. दोन विद्यार्थिनी सोबत असतात. रात्री अधिकारी तपासणीला येतात तेव्हा जागेवर थांबायला दोघे तरुण सभासद हवे आहेत. कार्यालयातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून घेतला आहे. त्यात सध्या सात जणांची कागदपत्रे पाकिटांत ठेवलेली आहेत, प्रत्येक पाकिटावर नाव आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. लाईटबिलावरून मी परत पाठविलेला तो मुलगा मात्र मला पुन्हा दिसलेला नाही. स्थानकावर उतरलो की मी अजून केटरर्सच्या टेम्पोंकडे पाहतो.